नंबरांचं बारसं

शमीमबाईंना आजारांचे नंबर पाठ नव्हते. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्या नोकरी सोडून गेल्यापासून आमच्या हॉस्पिटलात ‘बाईंना सगळी यादी तोंडपाठ होती’ असं जो तो म्हणतो. ते खरं नाही. मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसत होतो. बाईंना माणसं पाठ होती.

मंचरमध्ये हमरस्त्याला लागून हे हॉस्पिटल आहे. मी तिथे आठवड्यातून तीन दिवस हिशेब पाहायला जातो. उरलेले दिवस बाजारातल्या कांदा-बटाट्याच्या आडत्यांच्या वह्या बघतो. हॉस्पिटलात माझं टेबल विम्याच्या खिडकीमागे, आणि त्या खिडकीत शमीम कागदी. जुन्नरच्या. त्यांच्या घराण्यात पूर्वी हातकागद बनवायचे, आडनाव त्यावरून पडलेलं. रोज सकाळी जुन्नरहून नारायणगाव आणि नारायणगावहून मंचर अशी जीप बदलून त्या येत. जीपमध्ये पुढची जागा मिळाली नाही तर तो राग दुपारच्या डब्यापर्यंत आमच्यावर निघे. अंगानं भरलेल्या, खांद्यावर ओढणी पिनेनं घट्ट लावलेली, गळ्यात दोरीला चष्मा, दाढेत लवंग. आवाज असा की वरच्या मजल्यावरच्या पेशंटला आपलं बिल मंजूर झालं की नाही ते खाली न येताच कळायचं.

विमा कंपनीला बिल पाठवायचं तर त्यावर आजाराचं नुसतं नाव चालत नाही. प्रत्येक आजाराला, प्रत्येक ऑपरेशनला कंपनीच्या यादीत एक नंबर असतो. तो नंबर कॉम्प्युटरवर भरला की पुढचं सगळं ठरतं. कोणते कागद लागणार, पेशंटला किती दिवस ठेवता येणार, पैसे मिळणार की नाही. डॉक्टर पेशंटला तपासतात, कंपनी नंबराला तपासते.

शमीमबाईंची रीत अशी की कुठलाही नंबर पहिल्यांदा ज्या पेशंटसाठी वापरला, त्याचंच नाव त्या नंबराला द्यायचं. उजव्या बाजूचा हर्निया म्हणजे अवसरीचे दगडूआण्णा. मोडलेला खुबा म्हणजे पैलवान. फवारणीच्या औषधाची बाधा म्हणजे यमुनाबाई. खालच्या मजल्यावर आलेला केसपेपर त्या चष्मा लावून वाचत आणि म्हणत, “हा तर आपला दगडूआण्णा.” मग बोटं चालू लागत. मी एकदा विचारलं की सरळ आकडाच का लक्षात ठेवत नाही. म्हणाल्या, “आकड्याला तोंड नसतं, भाऊ. तोंड असलं की मी इसरत न्हाई.”

आकड्यांवर पोट भरणाऱ्या माणसाला हे पटणं अवघड होतं. पण पेशंटच्या नातेवाइकांना त्याचा फायदा व्हायचा हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. घाबरलेल्या बाईला त्या सांगत, “तुमच्या मालकांना जे झालंय ते लांडेवाडीच्या एका आजोबांना झालं व्हतं. आता नातवाला सायकलीवरून शाळेत सोडतेत.” नंबर असा कुणाला धीर देत नाही.

कंपनी ही यादी मधूनमधून बदलते. बदलण्याला माझा आक्षेप नाही. उपचार बदलतात, यंत्रं बदलतात, यादीही बदलावी. पण बदलण्याची एक रीत असते. ही यादी येई ती बहुधा मागल्या तारखेपासून लागू झालेली असे. म्हणजे परवा भरलेला नंबर परवाच चुकीचा होता, हे आज कळायचं. काय बदललं ते कुठे खूण करून सांगितलेलं नसे. शेकडो ओळींची यादी, बारीक अक्षर, आणि वर एक वाक्य की सर्व रुग्णालयांनी नोंद घ्यावी.

नवी यादी आली की येणाऱ्या शनिवारी दुपारी शमीमबाई ‘बारसं’ घालायच्या. हे नाव आमच्या नर्सबायांनी पाडलेलं. बाई घरून गूळ-शेंगदाण्याचे लाडू करून आणत, डॉक्टरांपासून वॉर्डबॉयपर्यंत सगळ्यांना खिडकीमागे बोलावत आणि जुनी-नवी यादी शेजारी धरून वाचायला लागत. जो नंबर यादीतून गेला त्याला त्या म्हणत, “हा वारला.” जो नवा आला त्याचं नाव ठेवायचं राहून जाई, कारण त्याला अजून माणूस मिळालेला नसे. त्याला त्या ‘बाळ’ म्हणत. “हे बाळ मूत्रपिंडाचं हाय, डॉक्टर. येईल कुनीतरी त्याच्या नावाचं, घाई करू नका.” डॉक्टर, म्हणजे आमच्या हॉस्पिटलचे मालक, हसत हसत लाडू खात. माणूस वाईट नव्हता तो. फक्त सह्या न वाचता करायचा.

एखादा नंबर वारला तर मात्र बाईंना मनापासून राग येई. डिंभ्याच्या वरच्या वाडीतल्या एका म्हातारीचा नंबर असाच गेला. म्हातारी ऑपरेशनला आली ती धरणाकडून सुटणाऱ्या एसटीनं, आणि ती एसटी कधी असते कधी नसते. इकडे तिचा नंबर यादीतून काढून दुसऱ्या नंबरात घातला होता आणि त्या दुसऱ्याला नव्यानं मंजुरी लागत होती. फोनवरच्या माणसानं सांगितलं की पेशंटला चार दिवसांनी बोलवा. शमीमबाईंनी त्याला विचारलं की तुम्ही डिंभ्याला किती वेळा गेलात. तो म्हणाला, एकदाही नाही. “मग तुमाला काय कळायचं चार दिवसांनी बोलवा म्हंजी काय ते,” असं म्हणून त्यांनी म्हातारीला एका रिकाम्या खाटेवर ठेवून घेतलं आणि मंजुरी येईपर्यंत रोज घरून दोन डबे आणले. म्हातारी जाताना त्यांच्या गालावरून हात फिरवून गेली. दुसऱ्या दिवशी बाईंनी नव्या नंबराला तिचं नाव दिलं. म्हणाल्या, “वाडी तीच, घर बदललं.”

बिबट्याचा किस्सा तर आता आमच्याकडे चहाच्या टपरीवरही सांगतात, आणि तो खरा आहे. पिंपळवंडीकडचा एक दूधवाला पहाटे गोठ्यात शिरला तेव्हा आत बिबट्या होता. माणूस वाचला, खांदा फाटला. यादीत कुत्रा होता, माकड होतं, साप होता. बिबट्या नव्हता. बाईंनी कंपनीला फोन लावला. पलीकडचा मुलगा कुठल्या तरी लांबच्या शहरात बसलेला, हिंदीत बोलणारा. त्यानं आपल्या पुढ्यातले प्रश्न एकेक करून विचारायला सुरुवात केली. प्राणी पाळीव आहे का? शमीमबाई म्हणाल्या, “न्हाई साहेब, त्यो आमाला पाळतो.” प्राण्याला लस दिली होती का? बाईंनी लवंग या दाढेतून त्या दाढेत घेतली. “पत्ता देते. उसात हाय. तुमीच येऊन इचारा.” आम्ही सगळे हसलो. दूधवाल्याचा भाऊ, जो सकाळपासून रडत होता, तोही हसला. पण फोन ठेवल्यावर बाई हसत नव्हत्या. त्या म्हणाल्या की ज्या यादीत आपला बिबट्या नाही, ती यादी आपल्याकडचं कुणी बघून केलेली नाही. मग तिच्यात आपली माणसं तरी नीट कशी असतील?

त्या बोलण्याकडे मी तेव्हा विनोदाचं शेपूट म्हणून पाहिलं. संपतच्या वेळी ते आठवलं.

संपत हा नारायणगावच्या अलीकडे, मीना नदीच्या काठच्या एका गावातला द्राक्षबागाईतदार. चाळिशीतला, कमी बोलणारा, बाग नीट राखणारा. छाटणी झालेली, आभाळ भरून आलेलं, पानांवर डाऊनी पडायला लागलेली. डाऊनी म्हणजे द्राक्षावरचा बुरशीचा रोग. अशा हवेत एक फवारणी चुकली तर घड हातचे जातात. त्यानं तोंडाला काही न बांधता भर वाऱ्यात ट्रॅक्टरवरून दोन औषधं मारली, एक बुरशीचं आणि एक किडीचं. वारा फिरला. फवारा त्याच्याच अंगावर आला. संध्याकाळी बांधावर सापडला तेव्हा तोंडाला फेस होता. बायको मंगल आणि शेजाऱ्यांनी जीपमध्ये घालून त्याला आमच्याकडे आणलं.

असा पेशंट आला की पोलिसांना कळवावं लागतं. हवालदार आला, शुद्धीवर आल्यावर संपतचा जबाब घेतला, बांधावर ट्रॅक्टर बघून आला, आणि लिहिलं: फवारणी करताना विषबाधा. पोलिसांच्या कागदावर सगळं सरळ होतं. डॉक्टरांनी संपतला वाचवलं, तेही खरं. सुटी द्यायच्या दिवशी केसपेपर शमीमबाईंकडे आला. त्यांनी चष्मा लावला. “आपली यमुनाबाई,” म्हणाल्या, आणि नंबर भरला. डॉक्टरांनी सही केली.

त्या आधीच्याच आठवड्यात बारसं झालं होतं. बाईंनी वारलेले नंबर वाचले, बाळं वाचली. जे नंबर दोन्ही याद्यांत होते ते जिवंत, त्यांच्याकडे कोण बघतं? यमुनाबाईचा नंबर दोन्हीकडे होता. आकडा तोच. त्याच्यापुढची ओळ मात्र बदलली होती. आधीच्या यादीत तो नंबर म्हणजे कीटकनाशकाची अपघाती बाधा. नव्या यादीत अपघाती बाधेला एक बाळ दिलं होतं (बारशाला ते वाचलंही गेलं, पण यमुनाबाई जिवंत दिसत होती, म्हणून कुणी दोन्ही जोडून पाहिलं नाही), आणि यमुनाबाईच्या जुन्या आकड्यात बसवलं होतं: स्वतःहून घेतलेलं विष.

इथे माझा जो संताप आहे तो मला आधी सांगू द्या. मी जिथे जिथे हिशेब पाहतो तिथे एक साधा नियम असतो. पावती रद्द झाली तर तिचा क्रमांकही रद्द होतो. तो क्रमांक दुसऱ्या कुणाला पुन्हा देत नाहीत. कांद्याचा आडत्या, जो सातवीपर्यंत शिकलेला आहे, तोही देत नाही. कारण कालची पावती कुणाच्या तरी खिशात असते. एवढ्या मोठ्या कंपनीत, एवढ्या शिकलेल्या माणसांत, कुणालाही असं वाटलं नाही की एका आकड्यातून अपघात काढून त्यात आत्महत्येचा प्रयत्न भरला, तर कुठेतरी एखादा माणूस त्या आकड्याखाली सापडेल. खूण करून सांगितलं असतं तरी पुरे होतं. एक ठळक अक्षर. तेवढंही नाही. चूक शमीमबाईंची होती, ती त्यांनी कधी नाकारली नाही. पण खड्डा कुणीतरी आधी खणून ठेवला होता.

बिल नामंजूर होऊन आलं, कारण विमा अशा प्रकारात पैसे देत नाही. पण त्याआधीच कंपनीचा चौकशी करणारा माणूस संपतच्या गावात जाऊन आला होता. नंबर तसा आला की ते माणूस पाठवतात. तो मोटारसायकलवरून आला आणि किराणा दुकानात, देवळाच्या पारावर, शेजारच्या वस्तीवर लोकांना विचारू लागला. संपतनं विष का घेतलं? घरात भांडण होतं का? देणं होतं का? बायकोचं आणि त्याचं पटतं का? एवढं विचारून, लिहून घेऊन, तो निघून गेला. प्रश्न गावात राहिले.

संपत आणि मंगल आमच्या खिडकीशी आले तेव्हा हे सगळं आम्हाला कळलं. मंगल बोलली. म्हणाली, “बाया मला इचारत्यात, तू काय केलंस त्याला. माझी सख्खी जाऊ इचारती.” मग तिनं खरी गोष्ट सांगितली. संपतच्या आईनं, सगुणाबाईंनी, फवारणीची सगळी औषधं विहिरीशेजारच्या खोलीत टाकून कुलूप लावलं होतं. किल्ली स्वतःच्या कनवटीला. लेक बागेत निघाला की म्हातारी मागोमाग निघायची, बांधावर बसून राहायची. त्यानं पाया पडून सांगितलं की आई, मी काही प्यायलो नव्हतो. ती म्हणायची, दवाखान्याच्या कागदावर आहे, दवाखाना कशाला खोटं लिहील. इकडे डाऊनी पानावरून घडांवर उतरत होती आणि औषध कुलपात होतं.

शमीमबाईंनी दोन्ही याद्या काढल्या. ओळ वाचली. पुन्हा वाचली. त्यांचा चेहरा मी त्या दिवशी पाहिला तसा आधी कधी पाहिला नव्हता. त्यांनी संपतकडे बघून सांगितलं, “हे मी केलंय.” कॉम्प्युटरचं नाव घेतलं नाही, कंपनीचं घेतलं नाही, डॉक्टरांच्या सहीचंही नाही. तसं करायला जागा भरपूर होती.

मग त्या कंपनीच्या मागे लागल्या. दुरुस्तीचा अर्ज, पोलिसांच्या जबाबाची प्रत, डॉक्टरांचं पत्र, दोन्ही याद्यांतली ती ओळ, सगळं पाठवलं. उत्तर आलं की निर्णय झालेल्या प्रकरणात नंबर बदलता येत नाही. पुन्हा लिहिलं. उत्तर आलं की उपलब्ध कागदपत्रांनुसार आधीचाच निर्णय कायम. उपलब्ध कागदपत्रांत हवालदाराचा जबाब होता. तो मराठीत, वाक्यांत लिहिलेला. तो कुणी वाचला नसावा. आकडा वाचायला कमी वेळ लागतो. शमीमबाई म्हणाल्या, “जन्मात पहिल्यांदा पोलिसाचा कागद खरा निघाला, तर त्यो कुनी बघंना.”

डॉक्टरांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. मीही होतो, कारण बिलाचा प्रश्न होता. डॉक्टर म्हणाले, जाऊ द्या मॅडम, त्याचं बिल आपण सोडून देऊ, विषय संपला. खरोखर चांगल्या मनानं म्हणाले ते. बाई उभ्याच होत्या.

“बिल तुमी सोडाल. म्हातारीनं कुलूप लावलंय, ते कोन सोडंल?”

डॉक्टर म्हणाले की आपण गावात जाऊन काय सांगणार? हॉस्पिटलचं नाव खराब होईल.

“त्याचं झालंच की,” शमीमबाई म्हणाल्या. “त्याला तर हॉस्पिटल बी न्हाई, नुसतं नावच हाय.”

पुढे जे झालं ते ठरवून झालं की आपोआप, हे मला आजही सांगता येत नाही. संपतच्याच गावचे पैलवान वारले. हेच ते, ज्यांचा खुबा आमच्याकडे जुळला होता आणि ज्यांचं नाव बाईंच्या यादीत होतं. तालुक्यात त्यांना मान होता. आमच्याकडे दशक्रिया कशी असते हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. नदीच्या घाटावर मांडव पडतो, खुर्च्या लागतात, माईक असतो. आधी प्रवचन. मग पिंड मांडून कावळ्याची वाट बघेपर्यंत पुढारी आणि पाहुणे एकेक करून श्रद्धांजली वाहतात, आणि सूत्रसंचालन करणारा आलेल्यांची नावं वाचतो. कोण आलं, कोण किती वेळ बोललं, कुणी कुणाला कसं टाळलं, सगळी गावं बघत असतात. सांगायचं ते लोक तिथेच सांगतात.

मी गेलो होतो. शमीमबाई जुन्नरहून आल्या होत्या, पैलवानांच्या मुलांनी बोलावलं होतं. मुलांनीच त्यांचं नाव बोलणाऱ्यांत घातलं. आजारपणात बाईंनी फार केलं, असं म्हणून. त्या माईकशी आल्या तेव्हा सूत्रसंचालकानं कागदावर बघून ‘दवाखान्याच्या मॅडम’ एवढंच म्हटलं. त्यांनी ओढणीची पीन चाचपली. पैलवानांबद्दल दोन वाक्यं बोलल्या. खुबा मोडलेला असतानाही पैलवान शेजारच्या खाटेवरच्या पोराला डाव शिकवत होते, असं काहीतरी. लोक हसले. मग त्या म्हणाल्या:

“पैलवानाला खोटं खपत नव्हतं. म्हणून त्याच्यासमोर बोलते. तुमच्या गावचा संपत औषध मारताना पडला. त्यानं काही प्यायलं न्हाई. दवाखान्याच्या कागदावर जे हाय ते मी लिव्हलं. नंबर बदलला व्हता आणि मी बघितला न्हाई. चुकला तो न्हाई, चुकले मी. आमच्या वाडवडलांनी जुन्नरला कागद केला. त्याच्यावर मी खोटं लिव्हलं, याची मला लाज वाटती. आता त्याच्या बायकोला कुनी काय इचारायचं न्हाई. इचारायचं असंल तर मंचरला या, विम्याच्या खिडकीत मी बसते.”

पुढच्या रांगेतले एक पुढारी घड्याळाकडे बघू लागले. सूत्रसंचालकानं माईक हातात घेतला आणि एकदम पुढचं नाव वाचलं. मी बायकांच्या बाजूला बघत होतो. सगुणाबाई उठल्या. गर्दीतून वाट काढत पुरुषांच्या बाजूला आल्या, जिथे संपत मागे खांबाशी उभा होता. कनवटीची किल्ली काढून त्यांनी त्याच्या हातावर ठेवली.

“जा,” म्हणाल्या. “वारं पडलंय तवर मारून घे. तोंडाला बांध.”

संपत तिथूनच गेला. श्रद्धांजली संपायची वाट त्यानं बघितली नाही, आणि पैलवानांच्या मुलांनाही त्याचं काही वाटलं नाही. नंतर कुणीतरी म्हणालं की बाई बोलल्या आणि लगेच कावळा शिवला. शमीमबाईंनी ते ऐकून सांगितलं, “त्यो भुकेला व्हता.”

अर्धी बाग गेली, अर्धी हाती लागली. मंगलच्या जावेनं विचारणं बंद केलं. तेवढ्यावर मंगलनं समाधान मानलं.

हॉस्पिटलात मात्र डॉक्टर दुखावले. त्यांनी बाईंना काढलं नाही. त्यांना विम्याच्या खिडकीतून उठवून चौकशीच्या टेबलावर बसवलं, जिथे वॉर्ड कुठे, संडास कुठे, एवढंच सांगायचं असतं. त्या जागेवर यादीशी संबंध येत नाही. काही आठवडे त्या तिथे बसल्या. मग एक दिवस ओढणीची पीन काढून टेबलावर ठेवली, नवी लावली आणि म्हणाल्या की आता जीप बदलायचा कंटाळा आला, जुन्नरातच बघते. लाडवांचा रिकामा डबा त्या माझ्याकडे विसरून गेल्या. की ठेवून गेल्या, कोण जाणे.

आता मला जे सगळ्यात जास्त खटकतं ते. संपतच्या नावापुढचा आकडा अजून तोच आहे. पुढल्या वर्षी त्यानं विमा चालू ठेवायला अर्ज केला तेव्हा त्याला पहिला प्रश्न तोच आला: आधी असा प्रयत्न केला होता का? सगळ्या गावाला खरं कळलं आहे, त्याच्या आईला कळलं आहे, पोलिसांना पहिल्यापासून ठाऊक होतं. ठाऊक नाही ते फक्त कंपनीच्या यंत्राला, आणि निर्णय तेच घेतं. यादी त्यानंतर पुन्हा बदलली. आकडे पुन्हा इकडचे तिकडे झाले. माणसाच्या नावाला चिकटलेला आकडा तेवढा हलत नाही.

मागे बायकोच्या गुडघ्यासाठी जुन्नरला गेलो होतो. एका लहानशा हॉस्पिटलात विम्याच्या खिडकीवर शमीमबाई. केस पांढरे झालेत, चष्म्याची दोरी नवी. समोर दोन याद्या शेजारी शेजारी, आणि आता त्या फक्त वारलेले आणि नवे नंबर बघत नव्हत्या. पट्टी धरून एकेक जिवंत ओळ वाचत होत्या, ओठ हलवत. मला बघून म्हणाल्या, “या पावणं. गुडघ्याला इथं अजून नाव न्हाई. वहिनींचं ठेवू का?” बायको लाजली, पण हो म्हणाली.

कागद भरेपर्यंत मी बसून होतो. यादी उघडीच होती. माझी नजर ‘स्वतःहून घेतलेलं विष’ या ओळीवर गेली, आणि मी विचारलं की या नंबराला आता नाव काय.

“शमीम,” त्या म्हणाल्या.

त्यांनी पट्टी एक ओळ खाली सरकवली.

“दुसऱ्या कुनाचं ठेवणार? प्यायलेलं तर कुनीच नव्हतं,” असं म्हणून त्यांनी खिडकीबाहेर मान काढली आणि पुढच्याला हाक मारली.